पाचवी गाठ

"हुकूम त्यांचा, तोंड माजं, कान तुमचे! ऐका, न्हाईतर मागून मला इचारू नका!"

शनिवारचा बाजार भरात आला, की वेशीजवळच्या लिंबाखाली आधी रॉकेलच्या रिकाम्या डब्यावर तीन टोले पडायचे आणि मग हा आवाज उठायचा. मिरच्या मोजणारी बाई माप हातात धरून थांबायची. न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवून वळायचा. बैलसुद्धा थांबायचे असं लिहिणार होतो, पण बैल काही थांबायचे नाहीत. त्यांना बलदियाचे हुकूम लागू नव्हते.

बलदिया म्हणजे आजची नगरपालिका. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावात निजामाच्या काळी तिची कचेरी तीन खोल्यांची होती आणि मी तिथला धाकटा कारकून. कमिटीचं सगळं कामकाज उर्दूत आणि गाव सगळं मराठीत. दोघांच्या मध्ये एकच माणूस उभा होता, तो म्हणजे आमचा मुनादीवाला, दवंडी देणारा. गाव त्यांना मामा म्हणायचं. तहसीलदारसाहेब कमिटीचे अध्यक्ष. हैदराबादेकडचे, शेरवानीचं वरचं बटणही कधी उघडं नसलेले. तेसुद्धा चुकून एकदोनदा मामा म्हणून गेले होते.

मामा उंचीनं माझ्या खांद्याला लागत. गळ्यात लिंगायतांचं लिंग, त्याच्याखाली पितळी सरकारी बिल्ला. बिल्ल्यावरची अक्षरं उर्दू होती आणि मामांनी तो पहिल्या दिवसापासून उलटा लावला होता. मी कचेरीत लागलो त्या आठवड्यात त्यांना हे सांगायला गेलो. ते म्हणाले, "मुन्शीजी, मला सुलटा बी वाचता येत न्हाई आन गावाला बी. ऱ्हाऊ द्या."

वाचता येत नाही, तर हुकूम लक्षात कसे ठेवायचे? अडचण खरीच मोठी होती. कमिटी बसायची जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी. शुक्रवारी कचेरीला सुट्टी. मुनादी शनिवारी. इतका वेळ डोक्यात हुकूम टिकणार कसा? मामांनी त्यावर उपाय काढला होता. जुमेरातीला ते दाराशी उभे राहायचे. मी एकेक मंजूर हुकूम वाचून दाखवला, की ते खांद्यावरच्या उपरण्याच्या टोकाला एकेक गाठ मारायचे. मोठा हुकूम, मोठी गाठ. दंडाचा हुकूम असेल तर गाठीवर गाठ. शनिवारी लिंबाखाली एकेक गाठ सोडत हुकूम सांगायचे. उपरणं सरळ झालं की मुनादी संपली.

"कागदाला वाळवी लागती," ते मला म्हणायचे, "गाठीला लागती का?"

आता हुकूम कमिटीचा असला, तरी तो मामांच्या तोंडून जसाच्या तसा कधीच बाहेर पडायचा नाही. बाजारात मोकाट बकऱ्या सोडू नयेत, असा हुकूम निघाला. मामांनी तो सांगितला आणि वर म्हणाले, "बकऱ्यांनी ऐकलं असंल तर लय बरं. मालकांनी तर आजवर ऐकलं न्हाई." चांदण्या रात्री रस्त्यावरचे दिवे लावू नयेत, असं ठरलं तेव्हा मामांनी आभाळाकडे बोट केलं. "पुनवेला दिवे लागणार न्हाईत. चंद्र सरकारी हाय, आपलं काम भागवायलाय." गळ्यात पट्टा नसलेली कुत्री पकडून नेण्याचा हुकूम निघाला, त्या शनिवारी त्यांनी बिल्ला हातात धरून साऱ्या बाजाराला दाखवला. "बघून ठिवा. मला नेता येत न्हाई."

लोक पोट धरून हसायचे, पण हुकूम मात्र घरोघर पोचायचा. आमच्या उर्दू वहीतलं एक अक्षर गावानं कधी पाहिलं नाही, तरी गाव चाललं होतं ते या माणसाच्या तोंडावर.

मामांचं कमिटीकडे स्वतःचं असं एकच मागणं होतं. मुनादीचा डफ फाटला होता, नवा हवा होता. डफाचा अर्ज दर जुमेरातीला निघायचा आणि मी दर जुमेरातीला त्यावर "मुलतवी" लिहायचो, म्हणजे पुढच्या वेळी बघू. माझं ते अक्षर सरावानं फार सुंदर झालं होतं. तोवर मामा कचेरीच्या दिव्यांच्या रॉकेलचा रिकामा डबा बडवायचे.

डफाच्या जोडीनं आणखी एक काम कायम मुलतवी असायचं, ते बारवेचं. निम्मं गाव त्या पायऱ्यांच्या विहिरीवर पाणी भरायचं. पायऱ्या उतरून, पाण्यात गुडघाभर उभं राहून घागरी बुडवायच्या. वर्षानुवर्षांचा गाळ, हिरवं पाणी, आणि त्या पाण्यातून होणारा नारू. ज्यांनी नारू पाहिला नाही ते सुखी. पायातून हातभर किडा निघायचा आणि माणूस महिना महिना अंथरुणाला खिळायचं. मामींना, म्हणजे मामांच्या बायकोला, ज्या उन्हाळ्याची ही गोष्ट, त्या उन्हाळ्यात दुसऱ्यांदा झाला होता. पायाला फडकं गुंडाळून त्या लंगडत पाण्याला जाताना मी रोज बघत होतो आणि दर जुमेरातीला तेच सुंदर अक्षर काढत होतो.

त्याच उन्हाळ्यातल्या एका जुमेरातीला चार हुकूम झाले. मामांनी माझ्यासमोर चार गाठी मारल्या. मी मोजल्या होत्या, कारण चौथी नीट बसेना म्हणून तिचं टोक मीच धरलं होतं.

शनिवारी मी बाजारात वांगी घेत होतो. मामांनी चार हुकूम सांगितले, चार गाठी सोडल्या. मी पिशवी उचलली. तेवढ्यात मामांनी उपरण्याचं टोक वर धरलं. अजून एक गाठ होती. लहानशी, पण पक्की.

ते तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डब्यावर पुन्हा तीन टोले दिले, एरवीपेक्षा जोरात.

"हुकूम पाचवा! येत्या सोमवारी घरटी एक माणूस, पाटी-फावडं घेऊन बारवेवर. गाळ काढायचाय. आन त्याच्या म्होरं पाण्यात कुणी पाय घालायचा न्हाई. वरून दोर सोडून पोहऱ्यानं काढायचं. ऐका, न्हाईतर मागून मला इचारू नका!"

माझी वांगी खाली पडली. गर्दीतून वाट काढत मी त्यांच्यापाशी गेलो.

"मामा, हुकूम चारच होते!"

"गाठी पाच हुत्या, मुन्शीजी."

"पण पाचवा कुणी दिला?"

"गाठ हुती," ते उपरणं झटकत म्हणाले, "गाठीबाहेर मी एक अक्षर बोललो न्हाई."

मुनादी मागे घ्यायची तर हुकूम लागतो, हुकूम निघायचा तर जुमेरात उजाडावी लागते, आणि गाळ तर सोमवारी निघणार होता. साहेब दौऱ्यावर बोरीकडे गेले होते. रविवारभर मी मारुतीला प्रदक्षिणा घातल्या. माझंही घर त्याच कचेरीवर चालत होतं.

सोमवारी सकाळी साहेब आले ते हे ऐकूनच आले. मामांना समोर उभं केलं.

"पाँचवाँ हुक्म किसका है?"

"गाठ हुती, हुजूर."

"गाठ किसने बाँधी?"

मामा कधी शब्दाला अडले नाहीत, पण या प्रश्नाला अडले. पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिले. मग म्हणाले, "मीच मारली असंल. इसरलो कशाची ते. बारवेची असंल म्हणून सांगून टाकलं. वय झालं हुजूर."

साहेबांनी मला बडतर्फीचा कागद लिहायला सांगितला आणि मामांना बिल्ला टेबलावर ठेवायला. पंचवीस वर्षं गळ्यात असलेल्या बिल्ल्याची दोरी मामांना सुटेना. गाठी सोडण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना ती एक गाठ सुटेना. मला फार वाईट वाटलं. पण मी लिहीत राहिलो. मी भित्रा आहे हे मला त्या दिवशी नीट कळलं.

"अब जाओ, मुनादी करो कि काम बंद," साहेब गरजले.

मामांनी अदबीनं हात जोडले. "हुजूर, बिल्ल्याबिगर मुनादी कशी करू?"

साहेबांनी बिल्ल्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. सही झालेली होती. शेवटी टोपी घालून ते स्वतःच निघाले. मागे मी, आणि माझ्या मागे बिनबिल्ल्याचे मामा. डबा मात्र सवयीनं काखेत होता.

बारवेवर अख्खं गाव लोटलं होतं. कापडवाला मारवाडी धोतर खोचून कमरेइतक्या गाळात उभा. विणकर मोमीन आणि मळ्यातले कुणबी यांची पाट्यांची एकच रांग पायऱ्यांवरून वर आलेली. साहेबांची टोपी दिसताच पाटील ओरडले, "सायेब आले! सायेब सवता आले!" हलगी कडकडली. साहेबांनी हात वर केला, तो त्या हातात कुणी नारळ दिला. तोंड उघडलं, तर एका म्हातारीनं पाया पडून कपाळाला हळद लावली. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा हलगी वाजली. पाटलांनी हात जोडून मोठ्यानं सांगितलं, "हुजूर, आजवर कमिटीनं आमाला काय करू नका तेवढंच सांगितलं. पैल्यांदाच काय करा ते सांगितलं. तुमचे लय उपकार हायेत."

साहेबांनी नारळ हातात तसाच धरून ठेवला होता. त्या माणसाचे आभार त्या गावात त्याआधी कुणी मानले नसावेत. मी जवळून बघत होतो. शेरवानीचं वरचं बटण त्यांनी हळूच उघडलं.

दुपारी ते बारवेच्या काठावर उभे राहून "इधर पाटी! अरे पाटी इधर!" असं ओरडत होते. मराठीतला "पाटी" हा एक शब्द ते त्या दिवशी शिकले आणि बदली होईपर्यंत भलत्याच ठिकाणी वापरत राहिले.

कचेरीत परतले तेव्हा गुडघ्यापर्यंत गाळ होता. खुर्चीत बसून म्हणाले, "मुन्शी, जुमेरात की वही निकालो. पाँचवाँ हुक्म लिखो."

वहीत जागा नव्हती. चौथ्या हुकमाच्या लगेच खाली सह्या. त्यांच्या मधून मी मुंग्यांच्या रांगेसारखी एक ओळ सोडली. आजही कुणी ती वही काढली तर दिसेल. मग मी बडतर्फीचा कागद भीत भीत पुढे केला. साहेबांनी तो उलटा केला. "इसकी पीठ पे लिखो, डफ मंज़ूर." आणि टेबलावरचा बिल्ला मामांकडे सरकवला. मामांनी तो लगेच गळ्यात घातला, अर्थात उलटा.

त्यानंतर मात्र दर जुमेरातीला मामांच्या गाठी साहेबांच्या टेबलावर मोजल्या जाऊ लागल्या. वहीत शेवटी मी लिहायचो: हुकूम चार, गाठी चार. गावाला याचा पत्ता लागल्यावर मजाच झाली. बाजारात कुणीही मामांच्या मागून जाऊन उपरण्याला गाठ मारायचं. हुकूम चार असताना एकदा अकरा निघाल्या. मामांनी त्या सगळ्या लिंबाखाली सोडल्या आणि मारणाऱ्याला उद्देशून म्हणाले, "ह्या सात हुकमांचा अर्थ यकच हाय. तुमाला कामं न्हाईत."

बारवेला खालून झरा फुटला. पाण्यात पाय घालणं बंद झालं आणि पुढच्या उन्हाळ्यात फडकं बांधलेले पाय कमी दिसले. मामी सरळ चालू लागल्या.

पुढे निजामाचं राज्य गेलं. कमिटी बदलली, कारभार मराठीत आला, हुकूम फळ्यावर चिकटू लागले. मी मराठी लिहू लागलो. मामा घरी बसले. एकदा फळ्यासमोर उभे दिसले. म्हणाले, "लोक आता वाचत्यात, मुन्शीजी. पण वाचताना कुणी हसत न्हाई." त्याच थंडीत ते गेले.

त्यानंतर एका बुधवारी मी मामींना भेटायला गेलो. खुंटीवर धुतलेलं उपरणं होतं, शेजारी बिल्ला. उलटाच. मामींनी चहा ठेवला. बोलता बोलता बारवेचा विषय निघाला आणि मी म्हणालो, "ती पाचवी गाठ कुणी मारली, ते मामांना शेवटपर्यंत आठवलं नाही."

मामी चटकन म्हणाल्या, "आठवलं न्हाई? मीच मारली हुती की. शुक्रवारी ह्यांच्या म्होरं बसून. म्हणलं, पाय सडायलाय माजा, सायबाला बारवेचं सांगा. तर म्हणले, सायेब मुलतवी म्हणतेत. बाजारालाच सांगतो."

मी कप खाली ठेवला. मग मी त्यांना सोमवारची सगळी हकिकत सांगितली. साहेबांनी गाठ कुणाची म्हणून विचारलं, मामा कसे अडले, बिल्ला टेबलावर कसा ठेवला. एक दिवस त्यांची नोकरी गेली होती, हेही सांगितलं.

"नोकरी गेली हुती?" मामी म्हणाल्या. "कवा? मला तर घरी येऊन म्हणले, डफ मिळाला."

त्या हसायला लागल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मुनादीवाल्याच्या पोटात गोष्ट राहत नाही असं मी इतकी वर्षं समजत होतो.

निघताना मामींनी माझ्या उपरण्याचं टोक धरलं. "आमच्या गल्लीच्या खांबावर दिवा न्हाई. जुमेरातीला कमिटीत सांगा. इसराल, म्हणून गाठ मारते."

"मामी, आता कमिटी मंगळवारी बसते."

"मग घट्ट मारते," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी अशी ओढून मारली, की मंगळवारी टेबलावर ती सोडायला मी आणि नवे अध्यक्ष दोघांनाही हात लावावा लागला.