गळ्याकडे बघणारा

केशवापुरातल्या सलूनमध्ये मी दर रविवारी दाढी करायला जातो, पण तिथल्या कारागिराचं नाव कधी विचारलं नाही. टीव्हीवर मालिका लागली की तो वस्तरा थांबवतो आणि नव्या पोरांचा अभिनय तपासतो. चेहऱ्याकडे नाही, गळ्याकडे बघतो.

"बाप मेलाय, अण्णा, आणि ह्याच्या गळ्याची घाटी जागची हलंना. ती धाकटी बहीण बघा. बोलली नाही काही, पण आवंढा गिळला. ती पोरगी टिकणार."

"डोळ्यांत ग्लिसरीन घालतात," मी म्हणालो.

"गळ्यात कुठं घालतात?"

गेल्या रविवारी माझ्या गळ्यावर वस्तरा असतानाच आईचा फोन आला. ती धारवाडला, मळमड्डीत एकटी राहते. जेवायला येतोस का, तिनं विचारलं. ऑफिसचं काम आहे, मी म्हणालो. काम नव्हतं. गेलो की ती "मला तुझ्याकडं घेऊन चल" म्हणते. बायकोची हरकत नाही, मीच टाळतोय.

त्यानं वस्तरा झटकन उचलला.

"असलं बोलताना गिळू नका, अण्णा. पातं लागलं असतं."

मग मला खुर्चीत बसवेना. दाढी उरकली आणि मी तसाच धारवाडची बस धरली.

"काम आटपलं होय रे?" दार उघडत आईनं विचारलं.

"काम नव्हतंच, आई."

"मग घेऊन चलतोस का आता?"

बसमध्ये मी चार कारणं पाठ केली होती. तिच्यासमोर त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही, आणि 'चल'ही निघालं नाही.