अनुसया आणि लॉनवरची छत्री

अनुसया कोणाच्याही घरी गेली की आधी खिडकी उघडायची, मग बसायची. लोकांना राग येई. "थंडी लागून राहिली ना बाई," असं कोणी म्हटलं की ती म्हणे, "थंडीनं माणूस कुडकुडते. कोंडल्यानं मरते." माझी बायको होती ती. यंदा पावसाळ्यात गेली, छातीत कळ येऊन, झेंडू तोडता तोडता. आता घरात मी एकटा. खिडकी लावतो अन् थोड्या वेळानं उठून उघडतो. पाठीमागं ती उभी आहे असं वाटते. वळून पाहत नाही.

नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्याला आमचा फुलांचा मळा. शिवाय मळ्याजवळच, अमरावतीच्या बाहेर, लग्नाच्या एका लॉनवर दोघांचं काम. ती हार-तोरणं करी. माझ्याकडं झाडलोट, पाणी अन् हिवाळ्यात गॅसच्या छत्र्या. छत्री म्हणजे दांड्याचा हीटर. खाली सिलिंडर, वर ताटासारखं झाकण, त्याखाली जाळी लाल होते अन् पाहुणे भोवती उभे राहून हात शेकतात. ज्या माणसानं त्या आणल्या त्यानं मला तासभर समजावलं. मी मान हलवली. ऐकलं तिनं, बाजूला बसून हार ओवता ओवता.

तेव्हापासून छत्र्या नावाला माझ्या. पेटवण्याआधी ती नळीच्या जोडाला साबणाचा फेस लावी. बुडबुडा फुगला तर ती छत्री त्या दिवशी पेटत नसे. कनातीपासून किती लांब ठेवायची ते हाराच्या दोऱ्यानं मोजी. गाठ मारून तो दोरा तिनं कमरेलाच खोचलेला असे. पेटलेली छत्री हलवू देत नसे. विझवताना लॉनच्या दुसऱ्या टोकावरून ओरडे, "आधी सिलिंडर बंद, अजी!" वाढपी हसत. मला लाज वाटे.

एका लग्नात नवरदेवाच्या मामानं म्हाताऱ्या बायांसाठी चारही बाजूंनी कनात बांधून घेतली अन् आत दोन छत्र्या ठेवल्या. अनुसयानं फुलांच्या कात्रीनं कनातीच्या दोऱ्या कापल्या.

"काय वं बाई, डोकं फिरलं काय तुहं? गॅस आहे थो. धूर कुठी आहे?"

"धूर असता त तुमाले समजलं असतं, मामासाहेब. छत्री माणसावानी हवा खाते. हिनं सारी खाल्ली त तुमच्या बाया काय खातीन?"

मामाच हसला. कनात उघडी राहिली. मीही हसलो, पण मनात म्हटलं, मामाचंही काही चूक नाही. धूर नाही तर काय होते?

त्याच हिवाळ्यात आमची रेखा अकोल्याहून बाळंतपणाला आली. मुलगी झाली. आमच्याकडं बाळंतिणीला शेक देतात. बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवायची अन् वारा लागू नये म्हणून खोलीच्या फटीत चिंध्या कोंबायच्या. अनुसया शेक द्यायची, पण दार उघडं ठेवून, अन् शेगडी उचलेपर्यंत तिथून हलायची नाही. एका सकाळी ती फुलं घेऊन बाजारात गेली. गारठा भारी होता. कोळसे ओले, शेगडी नुसती धुपून राहिली होती. रेखा खोकू लागली. लॉनवर कमरेइतकी एक बुटकी छत्री होती. मी ती हातगाडीवर घालून आणली, बाजेजवळ पेटवली, चिंध्या कोंबल्या, दार ओढलं. धूर नाही, वास नाही. मला वाटलं, मोठं शहाणपण केलं. अन् मी वाफ्यांना पाणी सोडायला गेलो.

अनुसया बाजारातून आली ती वाफ्यातूनच ओरडत. "दार कावून लावलं? अजी, दार कावून लावलं?"

तिनं लाथ मारून दार उघडलं. रेखा ओकून पडली होती. पोरगी ओली चिंधी पडावी तशी. अनुसयानं आधी पोरीला उचलून अंगणात उन्हात ठेवलं, मग रेखाला काखेत हात घालून ओढलं, मग आत जाऊन सिलिंडर बंद केला. मी चिखलाच्या पायानं उभा होतो.

पोरीला दोन दिवस दवाखान्यात प्राणवायूवर ठेवलं. वाचली. अकोल्याहून जावई अन् विहीणबाई आल्या. विहीणबाईंनी दवाखान्याच्या पायरीवरच विचारलं, "कोणं ठेवलं होतं थे आत?" मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं.

"म्या ठेवलं," अनुसया म्हणाली.

घरी आल्यावर मी विचारलं, कावून असं केलं. ती चूल सारवत होती. "बाईची चूक लोकं बोलतेत अन् इसरतेत. जवायानं सासऱ्याले धरलं त पोरीचं माहेर तुटते. रेखालेही मी शपथ घातली. तुमी गुमान राहा." मी गुमान राहिलो. सोपं होतं ते.

लोक विसरले नाहीत. रेखा यायची, एकटी. नातीला सासरच्यांनी पाच वर्षांत एकदाही पाठवलं नाही. अनुसयानं तिच्यासाठी झबली शिवली, मग फ्रॉक शिवले. दर वर्षी अंदाजानं माप वाढवायची अन् रेखाला विचारायची, "बसला काय वं?" रेखा हाव म्हणायची. तेवढ्यावर तिचं वर्ष निघे.

ती गेल्यावर मी एसटीनं अकोल्याला गेलो अन् विहीणबाईंसमोर सगळं सांगितलं. रेखा दारात उभी राहून रडू लागली. विहीणबाई म्हणाल्या, "भाऊ, पाच वर्षं तुमच्या तोंडात काय होतं? थे बाई जिती असताना याले पायजे होतं तुमी." जावई उठून आत गेला.

नात खांबाआडून माझ्याकडं पाहत होती. मी कोण, ते रेखानं तिला सांगितलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं अन् विचारलं, "म्हंजे थे गॅसवाली आजी तुमची होती? जिनं मले कोंडलं होतं?"

"नाई बाई," मी म्हणालो. "कोंडलं म्या. तुही आजी दार उघडणारी होती."