कसलाही संबंध राहिला नाही

माझ्या आक्काला मी एका वाक्यानं घराबाहेर काढलं.

मी वकील. काल आक्का गेली. कुणाला तरी सांगायला हवं, म्हणून लिहितोय.

वडील गेल्यावर वडगावचं घर माझ्या नावावर करायचं होतं. आक्का सासरहून, हिंडलग्याहून, स्वतःच आली.
"घर तुझंच की रं. कुठं सही करू सांग."

हक्कसोडपत्र मीच ड्राफ्ट केलं, कन्नडमध्ये; आमच्याकडं सरकारी कागद कन्नडमध्येच चालतात. तिला कन्नड वाचता येत नव्हतं. म्हणून रजिस्ट्रेशन ऑफिसच्या बाकावर बसून शब्द न् शब्द मराठीत वाचून दाखवला. मोठ्या रुबाबात.

"...राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देते की, सदर घराशी माझा कसलाही, कोणत्याही प्रकारचा संबंध आजपासून राहिला नाही व पुढेही राहणार नाही."

आक्का थांबली. "कसलाबी न्हाय?"

"अगं, फॉर्मॅट असतो तो. कर सही."

तिनं केली.

'हक्क सोडते' एवढं पुरलं असतं. पण दोन ओळींत भागलं तर आम्ही वकील कसले?

त्या सहीआधी घरी आली की आक्का थेट चुलीपाशी. माझ्या बायकोच्या आमटीला नावं ठेवायची.
सहीनंतर बाहेरच्या सोप्यातच बसायला लागली, खुर्चीच्या कडेला. पाणी मागून घ्यायची.

"राहा की आज."
"नको रं. पाव्हण्यानं किती राहायचं."

मी हसायचो. वय झालं, म्हणायचो. का, ते कधी विचारलं नाही.

काल आमच्या घरच्या मागावर विणलेली हिरवी साडी घेऊन गेलो. सवाशीण गेली की शेवटची साडी माहेरची असते.

भाचा दारातच अडखळला. "मामा, आई म्हणालती, माहेरची साडी मागू नगा."

"माझ्यावर राग होता?"

"न्हाय ओ. कागदात संबंध न्हाय असं लिवलंय न्हवं? साडी घेतली तर भावाचा कागद खोटा पडंल, म्हणायची."

नऊ वर्षं माझी बहीण माझा कागद सांभाळत होती.

भाच्यानं शेवटी साडी घेतली. मीच ती आक्काच्या अंगावर पांघरली.

कालपासून ते वाक्य ऐकू येतंय, माझ्याच आवाजात.
सकाळी एका पक्षकाराचा मसुदा उघडला. त्यातही ते होतंच. खोडलं.
कागदाचं काहीही अडलं नाही.

आक्का, घर तुझंही होतं गं. हे तेव्हा बाकावर बोलायला पाहिजे होतं.
जा सुखानं. तुझ्या भावाचा शेवटचा नमस्कार.