सातवा गडी

उदगीरच्या चौबाऱ्यात मन्मथप्पा फुलारी हार ओवत बसायचे, आणि गिऱ्हाईक कोणत्या देवाचं हे विचारायच्या आधी त्याला किल्ला स्पोर्टिंगचं कसं चाललंय ते सांगायचे. चाललेलं बहुतेक बरं नसायचं. किल्ला स्पोर्टिंग हा गावचा फुटबॉल क्लब, आणि हरण्यात त्याचा हात धरील असा दुसरा क्लब बिदरपासून नांदेडपर्यंत नव्हता. टवाळ पोरं म्हणायची, अप्पाच्या दुकानात हार मिळतो अन् अप्पाच्या क्लबातबी हारच मिळते. मन्मथप्पा तिकडे बघायचेसुद्धा नाहीत. दोऱ्यात फूल सरकवायचे आणि म्हणायचे, "पुढल्या येळंला बघा."

ही पुढची वेळ वीस वर्षं येत होती. आता एखादा क्लब मुळातच कमजोर असला तर माणूस दोन-चार वर्षांत शहाणा होऊन घरी बसतो. पण हा क्लब आधी आशा लावायचा आणि मग तोंडघशी पाडायचा. नांदेडच्या एका स्पर्धेत अर्धा खेळ होईपर्यंत गडी दोन गोलांनी पुढे होते. मन्मथप्पांचा आनंद पोटात मावेना. एवढ्यात मधल्या सुट्टीत कोण्या भल्या माणसानं खूश होऊन बिर्याणीचा हंडा पाठवला, आणि आमच्या वाघांनी तो तळाला नेला. उरलेल्या खेळात एकालाही धाव निघेना. तीन गोल पोटात घालून मंडळी रात्रीच्या गाडीनं परत आली. बिदरच्या एका सामन्यात आमच्या गड्यांना पेनल्टी मिळाली, तर मारणाऱ्याच्या पायातला बूट चेंडूच्या पुढे गेला आणि गोलकीपरनं बूटही अडवला आणि चेंडूही. असल्या सगळ्या प्रसंगांना मन्मथप्पा स्वतःच्या खर्चानं हजर होते. स्वतः मात्र त्यांनी उभ्या आयुष्यात चेंडूला पाय लावलेला नव्हता.

मग ब्याऐंशी साल उजाडलं. उस्मानाबाद जिल्हा फोडून लातूर जिल्हा झाला आणि उदगीर लातुरात आलं. चौबाऱ्यात फटाके उडाले, पेढे वाटले, मन्मथप्पांनीही खुशीनं पाच-सहा हार फुकट दिले. पण नवा जिल्हा म्हणजे नवी कचेरी, आणि नवी कचेरी म्हणजे शिपायांच्या नव्या जागा. त्यातली एक शेषेरावाला मिळाली. शेषेराव हा किल्ला स्पोर्टिंगचा कप्तान, आणि खरं बोलायचं तर क्लबात नीट फुटबॉल खेळणारा तो एकटाच. तो लातूरला गेला आणि तिथं नव्यानं उभ्या राहिलेल्या संघाचा कप्तान झाला. त्याच्या मागोमाग आणखी दोघे गेले. त्यातच त्या साली पावसानं पाठ फिरवली. विहिरींनी तळ गाठला, मन्मथप्पांची शेवंती उभ्या जागी वाळली, आणि क्लबातली निम्मी पोरं कामाच्या शोधात हैदराबादकडे, कारखान्यांकडे पांगली. टोपलीत हार कमी आणि बेलाची पानं जास्त, असे दिवस आले.

अशाच एका दुपारी शेषेराव दुकानासमोर येऊन उभा राहिला. कडक इस्त्रीची पँट घातली होती.

"रामराम, अप्पा."

"ये बाबा. बस."

शेषेराव बसला नाही. "लातूरला सामने ठेवलेत. नव्या जिल्ह्याचे पयले. पयल्या फेरीत आपली अन् तुमची गाठ हाय."

मन्मथप्पांचा हात थांबला. "आपली म्हंजे कोणाची?"

शेषेराव जरा चाचरला. "लातूरची. ते ऱ्हाऊ द्या. म्या तुमाला सांगाया आलो, की जे क्लब मैदानात उतरतेल तेवढेच नव्या जिल्ह्यात धरणार हायत. जो उतरणार न्हाई त्याचं नाव कायमचं गेलं. तुमच्याकडं गडी उरले न्हाईत, अप्पा. उगं हसं करून घेऊ नका. जे हायत ते आमच्याकडं लावून द्या. बूट मिळतेत, खाणं मिळतंय. आता जिल्हा तर एकच हाय की."

"जिल्हा एक झाला म्हणून गाव एक होतंय का रे?"

"गडी किती हायत ते तर सांगा."

"हायत," मन्मथप्पा म्हणाले आणि पाण्याचा हात पानांवर फिरवू लागले. शेषेराव निघून गेला. त्याचा राग यावा असं मन्मथप्पांना फार वाटत होतं, पण येईना. पोटापाण्याला लागलेला माणूस, तो काय करणार? राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा आला. गावचं नाव पुसायला निघालेत आणि वर खाण्याची लालूच दाखवतात, याचा.

रात्री जेवताना त्यांनी ही हकीगत महानंदाला सांगितली. महानंदा त्यांची बायको, आणि क्लबाच्या बाबतीत गावात सगळ्यात तिखट जीभ तिचीच.

"जाऊ द्या की नाव," ती म्हणाली. "अवो, त्या क्लबानं तुमाला आजपतोर दिलं तरी काय? पायाला गोळे अन् घशाला कोरड."

मन्मथप्पा घास हातात धरून बसले. मग म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात तू अन् मी खडी फोडत होतो. आठवतंय?"

"न आठवाया काय झालं? हाताची कातडी गेलती."

"ते समदे गडीबी तिथंच खडी फोडून ऱ्हायले होते. खायाला तांबडी मिलो ज्वारी, अन् तीबी पोटभर न्हाई. तरी दुपारच्या सुट्टीत पोरं उठायची अन् त्या कच्च्या सडकंवर चेंडू खेळायची. अनवाणी. मी बघत बसायचो. महानंदा, त्या साली सकाळी उठून परत त्या कामावर जावं वाटायचं ते कशापायी? तुझं तू सांग."

"लेकरापायी. आनिक कशापायी?"

"माझंबी लेकरापायीच. पण दुपारचा तो खेळ नसता तर मी एक दिवस तिथं बसलो असतो, तो उठलोच नसतो. आता तू म्हण काय म्हणायचं ते."

सामन्याच्या दिवशी पहाटे महानंदानं ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली, आणि ती शिदोरी साऱ्या संघाला पुरेल एवढी होती.

बसस्टँडवर सात गडी जमायचे ठरले होते. सहाच आले. सातवा आदल्या रात्रीच्या रेल्वेनं घरच्यांसोबत हैदराबादला कामाला गेला होता. रज्जाक डोक्याला हात लावून बसला. हा सायकली दुरुस्त करायचा, गोल राखायचा, आणि शेषेराव गेल्यापासून कप्तानकीही त्याच्याच गळ्यात पडली होती.

"नक्को जायचं आता, अप्पा," तो म्हणाला. "सातापेक्षा कमी गड्यावर पंच शिटीच मारत न्हाई. तिथं जाऊन काय तोंड दाखवायचं?"

"सात हाव की."

रज्जाकनं पुन्हा नजर फिरवली. "सहाच हायत."

"मला मोज."

रज्जाक आधी हसला. मग मन्मथप्पांच्या तोंडाकडे बघून हसायचं थांबला. "अप्पा, पन्नाशी उलटली तुमची."

"नियमात वय लिहिलंय का? न्हाई ना? मग बस लागली बघ, चल."

लातूरच्या मैदानावर गवताची काडी नव्हती. जमीन भाजलेल्या विटेसारखी कडक झाली होती आणि कडेला मांडव घालून त्यावर भोंगे बांधले होते. मन्मथप्पांनी धोतर सोडलं आणि रज्जाकची जादा चड्डी चढवली. ती गुडघ्याखाली उतरत होती. लोकांत एकदम खसखस पिकली. पंच पुढे आला आणि म्हणाला, "काका, गळ्यात काही घालून खेळता येत नाही. ती डबी काढून ठेवा."

"त्यात इष्टलिंग हाय, साहेब. आमा लिंगायतांत ते मेल्याबिगर अंगावरून निघत न्हाई," मन्मथप्पा म्हणाले. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडून डबी छातीशी घट्ट आवळून बांधली, वरून सदऱ्याची बटणं लावली, आणि वाकून, उड्या मारून पंचाला दाखवलं की काही हलत नाही. पंचाला हसू आवरेना. पण एक गोष्ट त्यानं गंभीरपणे सांगितली. "सातातला एक जरी बाहेर गेला, तरी सामना तिथंच बंद. मग तुमचा क्लब उतरलाच नाही असं धरणार. बघा, झेपेल का?"

"शिटी मारा," मन्मथप्पा म्हणाले.

रज्जाकनं त्यांना गोलाच्या डाव्या बाजूला उभं केलं आणि बजावलं, "तुमी फकत हुबं ऱ्हावा. चेंडूच्या मागं धावू नका." हे सांगणं सोपं होतं. वीस वर्षं मैदानाबाहेरून "धाव, धाव" म्हणून ओरडलेला माणूस आत आल्यावर उभा कसा राहील? पहिलाच चेंडू जवळ आला तसे मन्मथप्पा धावले, चेंडू तिसरीकडेच गेला आणि ते तोंडावर आपटले. बाहेर लोक हसून लोळत होते. लातूरनं एक गोल केला, दुसरा केला, तिसरा केला. आमच्या बाजूनं एकदा सिद्धराम नावाचा पोरगा चेंडू घेऊन चांगला पुढे गेला होता, पण पुढे द्यायला कोणी नव्हतंच.

दुसऱ्या अर्ध्यात चेंडू सरळ मन्मथप्पांच्या गुडघ्यावर बसला. कळ मस्तकात गेली. ते खाली बसले, आणि पंच शिटी मारून धावत आला. "काका, बाहेर जाता?"

मन्मथप्पांनी नाही म्हणून मान हलवली, रज्जाकच्या खांद्याला धरून उठले, आणि दुखरा पाय जमिनीला टेकवून बघितला. टेकत होता. तेवढं त्यांना पुरे होतं.

त्यानंतर लातूरचे गोलामागून गोल होत राहिले आणि ते खरोखरच फक्त उभे राहिले. उन्हानं डोळ्यांसमोर अंधारी येत होती. त्यांना एवढंच कळत होतं की आपण खाली बसलो की किल्ला स्पोर्टिंग संपलं. शेवटी शेषेराव चेंडू घेऊन त्यांच्याच बाजूनं आला. तो एकटा, समोर मन्मथप्पा एकटे. शेषेरावानं पाय आखडला. चेंडू उगाच इकडून तिकडे खेळवत तो हळूच म्हणाला, "अप्पा, बसा आता. लई लागलंय तुमाला. पंचाला मी सांगतो, तुमचं नाव ठिवा म्हणून."

"तुझ्या सांगण्यानं ठिवलेलं नाव काय कामाचं? अन् असा काय खेळून ऱ्हायलास? मैदानात दया करतेत का?"

"अप्पा..."

"मार! उदगीरात शिकलास ना? मग तसा मार."

शेषेरावानं एकदा डोळे पुसले आणि मारला. चेंडू मन्मथप्पांच्या कानाजवळून गेला आणि रज्जाक हलायच्या आत जाळ्यात. असला गोल त्यांनी वीस वर्षांत किल्ला स्पोर्टिंगच्या नावावर बघितला नव्हता. त्यांचा जीव तळमळला, आणि त्याच वेळी या पोराचा अभिमानही वाटला. दोन्ही खरं होतं. थोड्या वेळानं शेवटची शिटी झाली, तेव्हा ते त्याच जागी उभे होते.

सहाही पोरं मैदानाच्या कडेला आडवी पडली. मन्मथप्पा त्यांच्याकडे लंगडत निघाले होते, इतक्यात भोंगा बोलला. "आजच्या पहिल्या सामन्यात लातूरचा संघ नऊ विरुद्ध शून्य गोलांनी विजयी. लातूरच्या खेळाडूंचं अभिनंदन! आता पुढच्या सामन्याच्या संघांनी तयार राहावं."

मन्मथप्पा थांबले. मग वळले आणि तसेच, गुडघ्याखाली उतरलेल्या चड्डीत, मांडवात शिरले. माइकवाला तरुण होता. "काय पाहिजे काका? पाणी?"

"कोणाला हरवलं ते सांगायचं ऱ्हायलं."

"सगळ्यांनी बघितलंय की, काका."

"बघितलंय, पण तुमी म्हणला न्हाईत. आमी आलो, उतरलो, शेवटच्या शिटीपतोर हुबं होतो. हरलो. क्लबाचं नाव घेऊन हरलो म्हणून सांगा."

माइकवाल्यानं शेजारच्या खुर्चीवरच्या पुढाऱ्याकडे बघितलं. पुढाऱ्यानं मन्मथप्पांच्या सुजलेल्या गुडघ्याकडे बघितलं आणि होकारार्थी मान डोलावली. भोंगा पुन्हा बोलला. "या सामन्यात किल्ला स्पोर्टिंग, उदगीर, हा संघ नऊ गोलांनी पराभूत झाला."

"पुन्यांदा म्हणा," मन्मथप्पा म्हणाले. "मागच्या लोकायला ऐकू गेलं न्हाई."

माइकवाल्यानं या वेळी आवाज चढवला. किल्ला स्पोर्टिंग, उदगीर, नऊ गोलांनी हरल्याचं साऱ्या लातूरनं दुसऱ्यांदा ऐकलं, आणि मैदानाच्या कडेला पडलेली सहाही पोरं उठून टाळ्या वाजवू लागली.