देवरामच्या ढांगा आणि मेथीचा वाफा

मखमलाबादच्या देवरामला पळताना पाहिलं की कुणालाही वाटावं, गडी नाला ओलांडतोय. एक ढांग टाकली की पुढची कधी पडते याची वाट बघत बसावं. याला जबाबदार त्याची आई, सरुबाई. लहानपणी मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात पाय पडला की पाठीत धपाटा बसे. मग देवराम एका बांधावरून थेट दुसऱ्यावर पाय टाकायला शिकला आणि मोठेपणी डांबरी रस्त्यावरही वाफेच ओलांडत राहिला.

१९९८ साल होतं. पोलीस भरतीची ही त्याची शेवटची संधी, पुढच्या वर्षी वय उलटणार. आधीच्या दोन्ही खेपांना बिचारा पळण्यातच नापास झाला होता. सुरुवातीला सगळ्यांच्या पुढे, अर्ध्यात गुडघे धरून खाली.

निवृत्त हवालदार मोतीराम नाना गावच्या पोरांची मैदानावर तयारी करून घेत. त्यांनी देवरामची एक फेरी बघितली आणि कपाळावर हात मारला.

"पाय कुठं टाकतो रे? अंगाच्या पुढं दोन हात! दर पावलाला सोताच ब्रेक मारतो तू. पाय अंगाखाली पडू दे. पावलं बारीक टाक, पण भराभर."

"नाना, बारीक टाकली तं पोचायचं कधी?"

नाना वाद घालणाऱ्यातले नव्हते. त्यांनी घरून शेळीचं दावं आणलं आणि देवरामच्या दोन्ही घोट्यांना बांधलं, मधे जेमतेम पाऊल पडेल एवढी ढील ठेवून. पहिल्या दिवशी देवराम तोंडावर आपटला. दुसऱ्या दिवशी मोकळी सुटलेली शेळी सरुबाईचा पालक खाऊन गेली, त्याच्या शिव्याही देवरामनेच खाल्ल्या. पण हळूहळू पाय तुरुतुरु पडू लागले, गुडघ्यांची कुरकुर थांबली आणि पळता पळता बोलताही येऊ लागलं. बोलायची हौस त्याला पहिल्यापासूनच होती.

भरतीच्या दिवशी पायात दावं नव्हतं. निघाल्याबरोबर उंचनिंच पोरं सरसर पुढे गेली. एक मोठी ढांग टाकावीच, असं देवरामला फार फार वाटलं. त्याने दातओठ खाल्ले आणि तुरुतुरु चालूच ठेवलं. उत्तरार्धात तीच पोरं धापा टाकत त्याच्या मागे पडली.

बातमी सांगायला तो बसमधून उतरला तो पळतच सुटला. तुरुतुरु, सरळ वाफ्यातून. काढणीला आलेली मेथी पार मातीत गेली.

सरुबाईने हात उगारला. "मेल्या, डोळे फुटले का तुहे?"

"आई, पळण्यात पास झालो!"

तिचा हात तसाच वर राहिला. मग तोच हात तिने शेजारच्या वाफ्याकडे केला आणि डोळ्यांना पदर लावत म्हणाली, "मंग तो बी तुडव."