उंबऱ्यावरचं ‘येते’

आई अंथरुणाला खिळली तेव्हापासून तिचा एकच घोशा होता, थोरलीला एकदा डोळ्यांनी बघू दे. थोरली म्हणजे माझी ताई, महानुभाव पंथाची दीक्षा घेऊन मठात गेलेली. डॉक्टरांनी हात टेकले होते. मी वाळूजच्या कंपनीत रजा टाकली आणि मोटारसायकल दौलताबादच्या पुढं काढली.

मठ जुना, दगडी. सागवानी खांबांवरच्या नक्षीचे फोटो काढायला शहरातली माणसं येतात. आत मात्र झाडलोट, पोथी, पंगत, सगळं रोजच्यासारखं चालू. ओसरीवर म्हाताऱ्या तपस्विनी तांदूळ निवडत होत्या. इथं आलं की मन शांत होतं म्हणे. मला त्या शांततेचाच राग आला. आमच्या घरातलं माणूस चाललंय आणि ह्या खडे वेचतायत!

ताई बाहेर आली. डोकं मुंडलेलं, अंगानं वाळलेली. मी वाकायच्या आत तिनंच हात जोडले.

“दंडवत.”

येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला इथं हेच म्हणतात, मला ठाऊक होतं. तरी सख्ख्या बहिणीच्या तोंडून ऐकताना काळजात चर्र झालं.

“ताई, आई लई थकलीय. सारखं तुझं नाव घेतीय. गाडी आणलीय, चल.”

“देवाचं नाव घे म्हणावं तिला.”

“तू निघताना ‘येते’ म्हणली होतीस. त्याच्यावरच जीव धरून बसलीय ती.”

ताई पहिल्यांदाच गडबडली. “आरं, उंबऱ्यावरून ‘जाते’ म्हणतं का कुणी?”

खरंच, आमच्याकडं कुणीच म्हणत नाही. अपशकुन होतो. आई मात्र त्या रीतीच्या शब्दाला वचन मानून बसली होती. मी हातापाया पडलो, भांडलो, नको नको ते बोललो. ताईचे डोळे भरले, पण पाय हलला नाही. घर, गाव, नातं, सगळं सोडायचं असतं आमच्यात, म्हणाली. तेवढ्यात आतून पंगतीची हाक आली आणि ती गेली.

घरी आलो तर आईची खाट दारासमोर ओढलेली. तिनंच हट्ट केला होता, बायको म्हणाली. ‘ताई उद्या येतीय’ हे वाटेत रचलेलं खोटं सांगायला मी पुढं झालो. आईनं माझ्या मागं बघितलं, बराच वेळ बघितलं. मग तोंड भिंतीकडं फिरवलं.

“दार लाव रे,” म्हणाली. “आता कुणी यायचं नाय.”