किल्ल्यांचा रविवार

माझ्या नवऱ्याने जेवणाआधीची प्रार्थना म्हणणं सोडलं, तेव्हा मी खरी घाबरले. नोकरी गेली तेव्हा एवढी घाबरले नव्हते. हिंजवडीच्या कंपन्यांतून नोकऱ्या जातात, येतात. आमच्या मारुंजीच्या बिल्डिंगमध्ये मजल्यागणिक एक जण तरी 'सध्या घरीच' असतो. पण ताट वाढलं की हा डोळे मिटणार, चार ओळी पुटपुटणार आणि मगच वरणभात कालवणार, हे लग्न झाल्यापासून ठरलेलं होतं. एक दिवस तो म्हणाला, "तूच म्हण. माझी वर पोचत नाही."

हे त्याच्या डोक्यात कुठून आलं ते मला पक्कं ठाऊक होतं.

आम्ही दोघंही नगरकडचे, मिशनच्या जुन्या मंडळीत वाढलेले. तिथे पेटी-तबल्यावरची भजनं, लाकडी बाकं आणि श्रीमंतीबद्दल कायमचा संशय. कुणी नवी मोटारसायकल घेतली की त्या रविवारी लोभावर उपदेश झालाच म्हणून समजा. माझ्या वडिलांनी फ्रिज घेतला, तो गोणपाटाखाली झाकून घरात आणला होता. त्यातही काही मोठं शहाणपण नव्हतं. पण नोकरी गेली म्हणून तुझा विश्वास कच्चा, असं तिथे कुणी कुणाला म्हणाल्याचं मला आठवत नाही.

मारुंजीहून पुण्यातलं चर्च लांब पडायचं, म्हणून आम्ही जवळच माण गावात एका फेलोशिपमध्ये, म्हणजे छोट्या नव्या प्रार्थनामंडळात, जाऊ लागलो. प्लायवूडच्या दुकानावर हॉल होता. खोटं कशाला बोलू, मला ती जागा आवडायची. गिटार, एसी, पाठ टेकता येईल अशा खुर्च्या. आणि मला डेंगी झाला तेव्हा तिथल्या बायकांनी रोज डबा पोचवला होता. फक्त साक्ष सुरू झाली की माझं डोकं फिरायचं. साक्ष म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. आमच्या गावी लोक आजारातून उठल्याचं सांगायचे, दारू सुटल्याचं सांगायचे. इथे परदेशातली ऑनसाइट नेमणूक, टू-बीएचके आणि सनरूफवाली गाडी. पास्टर तरुण, हसतमुख माणूस. ते म्हणायचे, "विश्वास असेल तर भरभराट येणारच. येत नसेल, तर कुठे गळती आहे ते शोधा."

ज्याची भरभराट चालू असते त्याला हे गोडच लागतं. माझा नवरा सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करायचा. नोकरी गेल्यावर त्याने पास्टरांचं वाक्य कामासारखं अंगावर घेतलं आणि स्वतःतल्या चुका शोधत बसला. कॉलेजात असताना एकदा बसचं तिकीट काढलं नव्हतं, तेसुद्धा मला सांगून झालं. मी म्हटलं, "देव काय तिकीट चेकर आहे का?" तो हसला नाही. मग त्याने फेलोशिपला येणं सोडलं, आणि पाठोपाठ ताटावरची प्रार्थनाही. मी त्याच्या जागी म्हणायचे, पण माझी कशीबशी उरकल्यासारखी व्हायची. समोर तो डोळे उघडे ठेवून ताटाकडे बघत असायचा. मला पास्टरांचा राग यायचा, त्याचा यायचा, आणि हे सगळं वरून बघणाऱ्याचाही यायचा.

अशात पास्टरांनी 'पाहुण्यांचा रविवार' ठरवला. प्रत्येकाने शेजारपाजारचं एक माणूस आणायचं, नंतर बिर्याणी. मी आमच्या घरमालकीणबाईंना विचारलं. त्यांना आम्ही सगळे भाडेकरू मावशी म्हणतो. साठी उलटलेली, नवरा गेलेला, तीन बिल्डिंगांच्या मालकीण, आणि तरी ओट्यावर पाय पसरून वाल सोलत बसलेल्या दिसतात. त्यांच्या देव्हाऱ्यात खंडोबा आहे आणि तो तिथून हलणार नाही, हे त्यांनी मला पहिल्याच महिन्यात बजावलं होतं.

"गानी आयकीन, जेवीन आन येईन," त्या म्हणाल्या. "पर तुझ्या स्कूटीवर न्हाई बसायची मी. तुझ्या मालकाला म्हन, गाडी काढ."

मावशींना नाही म्हणायची हिंमत आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचीच नाही. नवरा निमूट आला आणि हॉलमध्ये सगळ्यात मागच्या खुर्चीवर जाऊन बसला.

गाणी झाली. मावशींनी टाळ्या वाजवल्या, अगदी तालात. मग पास्टर माइकवर म्हणाले, "या वर्षी ज्यांना नवी किल्ली मिळाली, घराची, गाडीची, त्यांनी किल्ली घेऊन पुढे या. आपण प्रार्थना करू." पाच-सहा जण उठले. आणि माझ्या शेजारून मावशीही उठल्या. दसऱ्याला आपण कोयते, गाड्या पुजतो, तसा या लोकांचा आज किल्ल्यांचा दिवस दिसतोय, अशी त्यांची समजूत झाली होती. मी पदर धरायच्या आत त्या पुढे पोचल्या आणि त्यांनी कमरेचा जुडगा काढून वर धरला. तीन बिल्डिंगांच्या किल्ल्या. देवळातल्या घंटेसारखा आवाज झाला.

पास्टरांचे डोळे चमकले. त्यांनी माइक मावशींच्या तोंडाशी नेला. "मावशी, एवढ्या किल्ल्या! सांगा सगळ्यांना, हा आशीर्वाद तुम्हाला कसा मिळाला?"

"रस्ता आमच्या वावरातनं गेला," मावशी म्हणाल्या.

हॉलमध्ये हशा पिकला. पास्टरही हसले, पण धागा सोडेनात. "त्याआधी तुम्ही देवाजवळ मागितलं असेल ना? विश्वासाने?"

"मागितलं की. नवस केल्ता." मावशी माइकमध्ये आणखी जोरात बोलू लागल्या. "पर रस्ता नको म्हनून! आमचं मालक म्हनायचं, वावर गेलं तर खायाचं काय? मी खंडोबाला म्हनलं, रस्ता दुसरीकडनं जाऊ दे. त्यानं काय आयकलं न्हाई. आन माजी जाऊ, बांधाला बांध तिचं वावर, ती माज्यापरीस लई देवाची. उपास काय, पोथ्या काय. तिच्या वावराला रस्ता शिवला बी न्हाई. अजून भात लावतीया. मंग ती काय पापी म्हनायची का मी लई पुन्यवान?"

कुणीतरी मागे मोठ्याने हसलं. तो आवाज मी कित्येक महिने ऐकला नव्हता, म्हणून ओळखायला मला वेळ लागला. माझा नवरा खुर्चीत वाकून, डोळे पुसत हसत होता. पास्टरांनी घाईने "आमेन" म्हटलं आणि गिटारवाल्याला खूण केली. माणूस दिलाचा मोठा होता हे मात्र सांगायला हवं. नंतर त्यांनी मावशींना स्वतःच्या हाताने दोनदा बिर्याणी वाढली.

परतताना मावशी पुढच्या सीटवर बसल्या. माणच्या चौकात टेम्पो आडवा लागला होता, गाडी जागची हलेना. नवऱ्याने विचारलं, "मावशी, देवाने ऐकलं नाही, तेव्हा राग नाही आला?"

"आला की. दिवा लावायचा बंद केला मी. मालक म्हनायचं, अगं लाव. मी म्हनलं, न्हाई लावत."

"मग?"

"मंग काय! पैसं आलं म्हनून न्हाई हां लावला, पैसं लई मागनं आलं. एका घरात ऱ्हायाचं आन किती दिस अबोला धरायचा रं? एक दिस गेले आन लावला. तू बी आता तोंड लपवत फिरू नगं. नोकरी गेलीया, मानूस न्हाई गेलं."

टेम्पो हलला तरी त्याला गियर टाकायचं भान नव्हतं, मागून हॉर्न वाजले तेव्हा कुठे गाडी निघाली. घरी पोचल्यावर मावशींनी जावेने पाठवलेल्या आंबेमोहोरातला थोडा तांदूळ आतून आणून माझ्या हातात दिला.

संध्याकाळी मी त्याच तांदळाचा भात टाकला. वास जिन्यापर्यंत गेला असणार. ताटं वाढली आणि मी नेहमीसारखे हात जोडून सुरुवात करणार, तोच तो म्हणाला, "थांब, मी म्हणतो."

मला वाटलं, आता नोकरी मागेल. त्याने मागितली नाही. नोकरी लागली ती बरीच पुढे, पिरंगुटच्या एका कारखान्यात, आधीपेक्षा कमी पगाराची, आणि त्या प्रार्थनेमुळे लागली असं मी कुठल्याच साक्षीत सांगणार नाही. त्या संध्याकाळी त्याने भातासाठी आभार मानले. ज्या बाईने तो चिखलात उभं राहून लावला, तिच्यासाठी मानले. आजची भाकर आज मिळाली, उद्याची उद्या बोलू, असं म्हणाला. वरण गार होत होतं, पण मी डोळे उघडले नाहीत.

"आमेन" मी इतक्या जोरात म्हटलं की खालच्या ओट्यावरून मावशींची हाक आली, "काय झालं गं?"

नवरा उठून गॅलरीत गेला आणि खाली वाकून म्हणाला, "काही नाही मावशी. अबोला सुटला."